उन्हातले ऊन

जयपूरच्या जंतरमंतरामध्ये नाडीवलय नावाचे एक यंत्र आहे. कललेल्या जाड भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक गोल तबकडी बसवावी तसे ते दिसते. एका तबकडीचे तोंड उत्तरेकडे, दुसरीचे दक्षिणेकडे. वर्षातले सहा महिने उत्तरेच्या तबकडीवर ऊन असते आणि दक्षिणेची सावलीत बसलेली असते. उरलेले सहा महिने याच्या उलट. हा पालट २३ सप्टेंबरच्या सुमारास होतो, दिवस आणि रात्र सारखी होतात तेव्हा. त्यानंतर मार्चपर्यंत दक्षिणेची तबकडीच वेळ सांगते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात हे यंत्र उभारले ते काही माझ्या सोयीसाठी नव्हे. परंतु माझ्या संसारात त्याचा उपयोग निराळाच होतो. दक्षिणेच्या तबकडीवर ऊन आले, की मी कपाटाच्या वरच्या फळीवरून लोकरीची पिशवी खाली काढते.

आम्ही सी-स्कीममध्ये राहतो. जयपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हवामहल आणि गुलाबी भिंती उभ्या राहतात. सी-स्कीम गुलाबी नाही. ती जुन्या तटाच्या बाहेरची, पुष्कळ अलीकडची वस्ती. म्हैसूरची दिवाणगिरी केलेले सर मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे पंतप्रधान होते. तटाच्या दक्षिणेकडे शहर वाढवण्याच्या योजना त्यांच्या वेळी आखल्या गेल्या आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे मिळाली. त्यांतल्या आमच्या अक्षराला अशोकनगर असे चांगले भारदस्त नावही आहे. पण ते पोलीस ठाण्याच्या पाटीवरच राहिले आणि लोकांच्या तोंडी अक्षर बसले. रुंद रस्ते, कडुनिंबाची झाडे, हिरवळ असलेले बंगले, असे या भागाचे मूळचे रूप. आता एकेक बंगला जातो आणि त्याच्या जागी उंच इमारत येते. आम्ही राहतो तीही अशाच एका बंगल्याच्या जागेवर उभी आहे. शेजारचा बंगला मात्र अजून शाबूत आहे, आणि त्याच्या हिरवळीवर सकाळी ऊन येते. त्या बंगल्यातल्या वृद्ध गृहिणीला सारा शेजार ‘मांजी’ म्हणतो. त्या मूळच्या शेखावाटीतल्या झुंझुनूकडच्या. आमच्या घराला बाग नाही. त्यामुळे माझ्या मुलांचे बालपण बरेचसे मांजींच्या हिरवळीवर चालले आहे.

पुण्याकडे शरद ऋतू म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा. कवींनी त्याचे कितीही गोडवे गायिले तरी घामाघूम होणाऱ्याला ते पटत नाहीत. जयपूरला दुपार तशीच तापते, पारा ३३ अंशांच्या आसपास असतो. पण पाऊस सरल्यावर हवेतला ओलावा इतका नाहीसा होतो, की सूर्य मावळल्यावर तासाभरात फरशी निवते. पहाटे तोच पारा २० अंशांच्या खाली उतरू लागतो. एकाच दिवसात दोन ऋतू असतात म्हणा ना! लहान मुले असलेल्या घरात याचा अर्थ असा, की रात्री पंखा लावून निजलेली मुले पहाटे एकमेकांचे पांघरूण ओढत असतात. शाळेत जाताना अंगात स्वेटर असतो आणि येताना तो दप्तरात कोंबलेला असतो. कधी कधी तोही नसतो, शाळेतच राहिलेला असतो. खरी थंडी पुढे पौषात येते. परंतु जिला पौषात स्वेटर हवा असेल तिने आश्विनात टाके घालायला हवेत, कारण घरात दोन मुले असताना एक स्वेटर दीड-दोन महिन्यांशिवाय उतरत नाही. तेवढ्या अवधीत मूलही वाढत असते. ही शर्यत मी अनेकदा हरले आहे.

विणण्याचे वेड मला आजीकडून आले. पुण्यात लोकरीच्या स्वेटरची गरज ती कितीशी! पण आजीच्या हातात सुया नाहीत असे मला तिचे चित्रच आठवत नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले. त्यांत आजीचेही होते. इतक्या घाईने आपण पुन्हा कधी विणले नाही, असे ती सांगे. १२ नंबरच्या सुयांवर खालची पट्टी आणि १० नंबरच्या सुयांवर अंग, हा तिचा नेम. तिच्या त्या राखी रंगाच्या सुया आज माझ्याकडे आहेत. त्यांतली एक किंचित वाकलेली आहे. ती कुणी वाकवली यावर माझ्या आईचे आणि मावशीचे अजून एकमत नाही.

विणकामाची एक खुबी मला मोठेपणी उमगली. मागावरच्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे असे दोन पक्ष असतात. सुयांवरच्या विणीत धागा एकच. तोच फास होतो, तोच पुढच्या फासातून जातो. हिंदीत टाक्याला फंदा म्हणतात, तो शब्द आपल्या टाक्यापेक्षा नेमका आहे. प्रत्येक फास जरूर पडली की शेजारच्या फासाकडून थोडा धागा उसना घेतो, म्हणून स्वेटर ताणला जातो आणि मूल हात वर करून त्यात शिरू शकते. ऊब म्हणाल तर तीही लोकरीची स्वतःची नव्हे. लोकरीचा तंतू नागमोडी असतो. त्या वळणावळणांत हवा अडकून राहते आणि ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि धागा एकच असल्यामुळे शेवटचे टोक सापडले की सगळा स्वेटर सरसर उसवून पुन्हा गुंडा करता येतो. माझ्या मुलीचा पहिला स्वेटर पुढे धाकट्याचे टोपरे झाला, आणि टोपऱ्याचे पायमोजे. कापडाचे असे काही होत नाही. कापलेले कापड कापलेलेच राहते.

जयपूरला आल्यावर पहिल्याच शरदात एक फजिती झाली. मी गच्चीच्या कठड्याशी नवी लोकर गुंडाळत उभी होते. खालून मांजींनी विचारले, “बेटा, ऊन कहाँ से लाई?” मी आकाशाकडे पाहिले आणि जमेल त्या हिंदीत सांगितले, की सकाळी बाल्कनीत येते आणि अकराला निघून जाते. मांजी क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांच्या सुनेने मला समजावले, की हिंदीत ऊन म्हणजे लोकर. शाळेत सात वर्षे हिंदी शिकूनही हा शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता. उन्हाला ते धूप म्हणतात हे ठाऊक होते, पण तिकडची ऊन आपली लोकर आहे हे कुणी सांगितलेच नव्हते.

पुढे मी कोशात पाहिले. आपले ऊन संस्कृत ‘उष्ण’पासून आले आहे; म्हणून तर त्याला विभक्ती लागली की तो जुना हकार वर येतो आणि आपण उन्हात, उन्हाला असे म्हणतो. हिंदीतली ऊन ‘ऊर्णा’पासून आलेली. कोळ्याला संस्कृतात ऊर्णनाभ म्हणतात तो याच ऊर्णेमुळे; पोटातून धागा काढणारा तो. दोन निराळ्या घरांतून निघालेले दोन शब्द वाटेत झिजत झिजत एकाच रूपाला येऊन ठेपले. मांजींच्या हिरवळीवर रोज सकाळी त्यांची गाठ पडते, कारण थंडीत लोकर घेऊन उन्हात बसणे हा या शहरातल्या बायकांचा शिरस्ताच आहे.

लोकरीच्या प्रांतात राहूनही माझी लोकर इथली नसते, हे सांगितले पाहिजे. देशात सर्वांत अधिक लोकर राजस्थानात निघते. बिकानेरची लोकरीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ अविकानगर येथे मेंढी आणि लोकर यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून काम करते आहे. मांजींच्या शेखावाटीतली चोकला मेंढी तर इथल्या लोकरीत मऊ म्हणून नावाजलेली. पण वाळवंटी प्रदेशातल्या मेंढ्यांची लोकर एकंदरीत भरड. ती गालिच्यांना उत्तम, नमद्यांना उत्तम, लहान मुलाच्या मानेला मात्र टोचते. स्वेटरसाठी लागते ती मेरिनो मेंढीची लोकर, जिचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास बारीक असतो. ती परदेशातून येते, पंजाबात तिचा धागा होतो आणि मग ती आमच्या बाजारात गुंड्यांच्या रूपाने बसते. नवल असे, की मी टाके घालते त्याच सुमारास, पावसाळा संपल्यावर, इकडचे रेबारी आपल्या मेंढ्या कातरतात. पावसाळ्यातल्या दमटपणाने त्या लोकरीवर पिवळट झाक चढलेली असते. एकदा मांजींनी गावाहून तसली मूठभर लोकर आणवली होती. माझ्या मुलाने ती गालाला लावली आणि लगेच खाली टाकली. त्याचे मत त्याने अशा प्रकारे दिले, कारण शब्दाने मत देण्याची त्याची तयारी नव्हती.

इथपर्यंत मी इकडचे तिकडचे बोलले. आता जे सांगायचे ते सांगते. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या शरदातली. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि धाकटा अडीच वर्षांचा. मुलगी वर्षाची व्हायच्या आतच बोलू लागली होती आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही. धाकटा मात्र बोलत नव्हता. ‘आ’ म्हणजे आई, ‘बा’ म्हणजे बाबा आणि बाहेरचे सगळे जग, एवढेच. ऐकू उत्तम येत होते; तपासूनही घेतले होते. सांगितलेले सगळे समजे. ‘चेंडू पलंगाखाली आहे’ म्हटले की तो पलंगाखाली शिरे. पण चेंडू हा शब्द काही तोंडातून येईना. सासूबाई दूरध्वनीवरून दर रविवारी विचारीत, “काही बोलला का?” त्या प्रश्नात दोष मुळीच नव्हता, तरी दर रविवारी सकाळपासून मला त्या प्रश्नाची धास्ती वाटे.

त्या सप्टेंबरात आम्ही मुलांना घेऊन जंतरमंतर पाहायला गेलो. आमच्या घरापासून ते फार दूर नाही. तिथले सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची सावलीची घड्याळभिंत. तिची सावली दर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटभरात सहाएक सेंटिमीटर. लहान मुलाच्या डोळ्यांना ती चालताना दिसते. माझ्या यजमानांनी धाकट्याचा तळवा त्या संगमरवरी पट्टीवर सावलीच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, “हे बघ, ही सावली, आणि हे ऊन.” पाहता पाहता बोटांवर सावली चढली. तो हात मागे घेई, पुन्हा ठेवी. पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही. ज्या जगन्नाथ पंडितांचे नाव या वेधशाळेच्या इतिहासाशी जोडलेले आहे ते महाराष्ट्रीय होते. जयसिंहाच्या इच्छेवरून ते अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला. परक्या भाषेला ते मुळीच भ्याले नाहीत. त्यांच्या अंगणात उभी असलेली मी मात्र, पुढच्याच पंधरवड्यात, भ्याले.

झाले असे, की मुलांच्या शिक्षणाशी संबंध असलेल्या एका जाणत्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले: घरात मराठी, अंगणात हिंदी, शाळेत इंग्रजी, एवढ्या भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो आहे, निदान एक कमी करा. कमी कोणती करायची हे उघड होते. शाळा सोडता येत नव्हती, शहर सोडता येत नव्हते. सोडण्यासारखी मराठीच होती. बाईंचा हेतू चांगला होता. आणि जिचे मूल बोलत नाही ती आई कुणाचेही ऐकते. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही घरात हिंदी सुरू केली.

ते दिवस आठवले की आज हसू येते, तेव्हा येत नव्हते. मी रागावले तर आकाशवाणीवरच्या बातम्या वाचल्यासारखे वाटे. ‘चाय ठंडा हो गया’ म्हटले की मुलगी आतल्या खोलीतून ओरडे, “आई, ठंडी हो गई!” माझा चहा पुल्लिंगी, तिचा स्त्रीलिंगी. माझे यजमान कचेरीतून आले की पूर्वी दारातच काही तरी गमतीचे बोलत. ते आता गप्प राहू लागले. घरात गमतीचे बोलण्याजोगी हिंदी त्यांना येत नव्हती. निजवताना म्हणायच्या गाण्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. मी ती नुसती गुणगुणू लागले, शब्दांवाचून. शब्दांवाचून गुणगुणणारी आई आणि शब्दांवाचून ऐकणारे मूल, असे आम्ही दोघे अंधारात पडून असू.

कोजागरीला मांजींनी गच्चीवर बोलावले. आपण मसाल्याचे दूध करतो, त्या खीर चांदण्यात ठेवतात. त्यांच्याकडे आणखी एक रीत आहे: शरद पौर्णिमेच्या चांदण्यात सुईत दोरा ओवायचा, म्हणजे दृष्टी चांगली राहते. पंचाहत्तरी उलटलेल्या मांजींनी दुसऱ्या खेपेला दोरा ओवला. माझ्याच्याने तो शेवटपर्यंत ओवला गेला नाही. धाकटा माझ्या मांडीवर बसून चंद्राकडे बोट दाखवत होता. “चंदा,” मी म्हटले. चांदोबा म्हणायचे नव्हते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि बोट खाली घेतले. कदाचित ते बोट दुखले असेल. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

दिवाळीत थोडी पडझड झाली. मुलीला किल्ला हवा होता. बाप-लेकीने मांजींच्या बागेच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला रचला. वर टेकडीवर खराखुरा नाहरगड दिसत असता हे कशाला, असे शेजारची मुले विचारू लागली. हे मावळे आहेत, हे त्यांना सांगायचे होते. यजमान म्हणाले, “ये महाराज के सैनिक हैं।” मुलगी म्हणाली, “बाबा, सैनिक नाही, मावळे म्हणजे मावळेच!” त्या संध्याकाळी किल्ल्यावर मराठीच बोलली गेली. पण घरात शिरताना आम्ही पुन्हा चपला काढाव्यात तशी ती बाहेर काढून ठेवली.

या सगळ्या काळात मी धाकट्याचा स्वेटर विणत होते. गर्द निळा, बटणांचा. पाठीला ८४ टाके. इथे माझी हिंदी संपली. टाके मोजायचे तर ते मराठीतच मोजले जात. मी प्रयत्न करून पाहिला. अठ्ठाईसपर्यंत ठीक; मग उनतीस, पुढे उनतालीस, पुढे उनचास, आणि कोणता ‘उन’ कुठे होता हे कळेनासे होऊन मी पुन्हा पहिल्या टाक्याशी येई. हा ‘उन’ आपल्याही ‘एकोणतीस’मध्ये दडलेला आहे, संस्कृतात ऊन म्हणजे कमी, एक-ऊन-तीस म्हणजे एकाने कमी तीस. आपले ‘उणे’ही तेच. म्हणजे हा तिसरा ऊन. असो. विणणारीला व्युत्पत्ती सुचू लागली की टाका गळतो. मी हिंदीत मोजणे सोडून दिले आणि पुटपुटत मराठीत मोजू लागले. दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. ही काही मुलाशी बोललेली भाषा नव्हे, असे मी मनाला समजावले. मी सुयांशी बोलत होते. घरात मराठी उरली होती ती एवढीच.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही मांजींच्या हिरवळीवर बसलो होतो. पूर्वेकडे एक नवी इमारत उठत होती. तिच्यामुळे हिरवळीवरचे ऊन उशिरा येई आणि लांबट पट्ट्यासारखे पडे. आम्ही बायका त्या पट्ट्याबरोबर आपापली आसने सरकवीत असू. धाकट्याजवळ निळ्या लोकरीचा गुंडा होता. मी पट्टी संपवून अंगाला लागले होते. पट्टा सरकला, गुंडा सावलीत गेला. धाकट्याने तो उचलला, उन्हात आणून ठेवला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ऊन.”

अगदी स्पष्ट. दीर्घ ऊ आणि शेवटी नाक घुमवून न.

माझ्या हातून सुई निसटली. “मराठी बोलला!” मी ओरडले असेन. मांजीही उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणत होत्या, “सुना? ऊन बोला! ऊन!” आणि गुंड्याकडे बोट दाखवत होत्या. दोघींनाही आनंद सारखाच झाला होता, पण दोन निरनिराळ्या शब्दांचा. मी जंतरमंतराची साक्ष काढली: तिथे याच्या बापाने याला ऊन दाखवले होते. त्यांनी सांगितले, की आपण रोज सकाळी याच्या हातात हा गुंडा देतो आणि ऊन म्हणतो. मुलीने परीक्षा घ्यायचे ठरवले. तिने गुंडा घेतला, दूर सावलीत ठेवला आणि विचारले, “ऊन कुठे आहे?” तो प्रथम तिच्याकडे पाहत राहिला. मग गुंड्याकडे गेला. मांजींनी टाळी वाजवली. पण त्याने गुंडा उचलला, पुन्हा उन्हाच्या पट्ट्यात आणून ठेवला आणि त्यावर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाला.

त्या रात्री मी त्याला शब्दांसकट गाणे म्हणून निजवले. कुणी ठराव केला नाही. यजमानांनी जेवताना कचेरीतली एक गंमत मराठीत सांगितली आणि मुलगी इतकी हसली, की तिला ठसका लागला.

लगेच सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. त्या एका शब्दानंतर तीन आठवडे दुसरा आला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मला पुष्कळदा वाटले, की आपण स्वतःच्या सुखासाठी मुलाचे नुकसान करीत आहोत. दुसरा शब्द आला तो ‘उयट’, म्हणजे उलट. तो नक्की मराठी होता आणि तो मी त्याला कधीच शिकवला नव्हता. पुढे आम्ही बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले, की दोन भाषांत वाढल्यामुळे मुलाच्या बोलण्याला उशीर होत नाही. या विषयाच्या अभ्यासकांनी पुष्कळ पाहणी करून हे मान्य केलेले आहे. ज्याला उशीर व्हायचा त्याला एका भाषेतही होतो. उलट आईने जी भाषा सहज येते तीच बोलावी, म्हणजे मुलाला भरपूर आणि चांगले ऐकायला मिळते. आणि उशीर असेल तर वाट पाहत बसू नये, लवकर दाखवावे. मुलाजवळ किती शब्द आहेत हे पाहताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात, असेही त्या म्हणाल्या. मी विचारले, “मग ‘ऊन’ एकदा मोजायचा की दोनदा?” त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, हसल्या आणि कागदावर तो दोनदा लिहिला.

त्यांच्याकडे आम्ही सात-आठ महिने जात होतो. त्या उपचारांचा वाटा मोठा आहे. तो लोकरीला देणे बरे नव्हे.

तो निळा स्वेटर वेळेवर झाला नाही. पौषाच्या थंडीत धाकट्याने बहिणीचा जुना लाल स्वेटर घातला, आणि निळा उतरला तेव्हा बाह्या मनगटाच्या वर दोन बोटे राहिल्या. या वर्षी मी तो उसवला. जुनी लोकर लडी करून धुतली, वजन बांधून वाळत घातली, तेव्हा तिच्यातल्या मुरडी बऱ्याचशा गेल्या. तीत थोडी नवी पांढरी घालून आता मोठा स्वेटर चालला आहे. धाकटा साडेचार वर्षांचा आहे. मांजींशी तो शेखावाटी धाटणीची हिंदी बोलतो, माझ्याशी मराठी. काही शब्द अजून अडखळतात, ‘र’ तर पुष्कळदा चुकवूनच जातो. रविवारी आजीशी बोलताना बहिणीच्या हातून दूरध्वनी ओढून घेतो.

पूर्वेकडची ती इमारत आता पुरी सात मजल्यांची झाली आहे. हिरवळीवर ऊन साडेनऊला येते आणि पूर्वीपेक्षा लवकर जाते. परवा मी एका बाहीचा मुंढा कमी करीत होते. धाकटा शेजारी बसून गुंड्यातला धागा मला पुरवीत होता.

“आई, ऊन संपलं का?” त्याने विचारले.

मी गुंड्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. “थोडं आहे अजून,” मी म्हटले आणि आसन सरकवून घेतले. दुसरी बाही अजून घालायची आहे.